अठरा इंचांवरचा तळहात

कलाकार या जमातीचा घाशाला मनापासून तिटकारा होता. बिल्डरांचाही होता, पण बिल्डर निदान आपण बिल्डर आहोत हे लपवत नाही, एवढं तो त्यांना माफ करायचा. कलाकार मात्र पांढराशुभ्र शर्ट घालून वेल्डिंगच्या कारखान्यात येणार, म्हणजे अक्कल किती ते दारातच कळलं. मग नाकाला रुमाल लावून मुठीएवढा मातीचा गोळा टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, "हे मला बारा फुटी हवंय. फक्त त्याने श्वास घेतला पाहिजे." एवढं बोलून साहेब निघून जाणार. पुढचे चार महिने पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, घासायचा तो घाशाने. आणि शेवटी खालच्या कोपऱ्यात नाव कोरायचं त्या पांढऱ्या शर्टाचं. तेही घाशानेच कोरायचं.

घाशा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता हजेरीच्या वहीतही कोणी लिहीत नाही. हे नाव पडलं त्याला कारण त्याची ताई.

दहावीत दोनदा आपटल्यावर ताईने त्याला दंडाला धरून या कारखान्यात आणून उभं केलं होतं. "याला शिकवा. डोकं नाही, पण हात आहे," असं तिने मालकाच्या वडिलांना सांगितलं होतं. तीन महिन्यांनी त्याने पहिलं स्टूल बनवलं आणि छाती काढून घरी आणलं. ताईने स्टूल उलटं केलं, चारही जोडांवरून बोट फिरवलं, आणि तिसऱ्या जोडापाशी बोट थांबलं. "इथे बोचतंय," ती म्हणाली. बस्स, एवढंच. शाबासकी नाही, रागावणं नाही. घाशाने रात्रीचं जेवण न जेवता स्टूल उचललं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो जोड इतका घासला, इतका घासला, की दोन नळ्या कुठे भेटतात ते त्याचं त्यालाच सापडेना. तेव्हापासून कुठलंही काम असो, घासल्याशिवाय त्याच्या हातून सुटलं नाही. बाकीचे कारागीर जेवायला बसायचे तेव्हा हा आपला ग्राइंडर घेऊन भुंग्यासारखा चालूच. नाव पडायला आणखी काय लागतं?

घाशाची पहिली वीस वर्षं कारखाना खुर्च्या बनवत होता. दवाखान्यांच्या, नाट्यगृहांच्या, स्टेशनांच्या. मग खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या आणि कारखाना बंद पडायच्या बेतात आला. तेवढ्यात पालिकेने एक नियम काढला. जो बिल्डर आपल्या इमारतीपुढे जनतेसाठी कलाकृती उभी करील, त्याला दोन मजले जास्त. झालं! ज्यांना आयुष्यात भिंतीवर कॅलेंडरसुद्धा सरळ टांगता आलं नाही, त्या बिल्डरांना एका रात्रीत कलेची तहान लागली. कारखान्यात घोडे आले, पक्षी आले, एकमेकांत अडकलेली वर्तुळं आली. एकदा तर स्टीलचा मोठा कांदा आला, त्याचं नाव 'अनंत'. घाशाने तो कांदा नऊ इमारतींसाठी नऊ वेळा केला. रंग बदलला की नाव बदलायचं. तिसऱ्या कांद्याचं नाव 'मौन' होतं.

"नववा कांदा सोलताना रडू येत नाही," घाशा म्हणायचा. मालक हसायचे आणि दहावी ऑर्डर घ्यायचे.

'स्वागत' नावाचा हात आला तो असाच. बत्तीस मजली टॉवर, त्याच्यासमोर फुटपाथला लागून आभाळाकडे उघडलेला भला मोठा स्टीलचा पंजा. पूर्वी त्या जागी बसथांब्याचं बाकडं होतं, ते टॉवरचं प्रवेशद्वार रुंद करताना काढून टाकलं होतं. पांढऱ्या शर्टाने नेहमीप्रमाणे मातीचा गोळा ठेवला आणि तळवा किती उंचीवर हवा या प्रश्नावर हवेत हात हलवून सांगितलं, "असाच, साधारण. जमिनीतून उगवल्यासारखा." आता साधारण म्हणजे किती? घाशाने माप धरलं नाही. हाताला जे आलं ते केलं.

हाताला काय आलं, ते पंजा उभा राहिल्यावर तिसऱ्याच दिवशी लोकांनी दाखवून दिलं. तळव्याची पुढची कड जमिनीपासून बरोबर अठरा इंच. तळवा मागच्या बाजूला जरासा उतरता, पाठ टेकावी असा अंगठा तिरका, आणि चार बोटांनी वरून सावली धरलेली. वीस वर्षं खुर्च्या केलेल्या माणसाकडून कलाकृती मागितली होती, त्याने बिनबोभाट खुर्ची केली होती. मुद्दाम नव्हे हो. घाशाला स्वतःलाही पत्ता नव्हता. पण लोकांना पार्श्वभाग असतो आणि त्याला अठरा इंच बरोबर समजतात. पोस्टमन बसायला लागला, शाळा सुटल्यावर मुलं बसायला लागली, आणि सकाळी तीन बायका बसायला लागल्या. त्यांतली एक ताई.

ताई त्याच टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर दोन घरचा स्वयंपाक करायची. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. तिची बस तिला सहा चाळीसला उतरवायची, आणि टॉवरचं कामवाल्यांचं फाटक साडेसातला उघडायचं. त्याच्या आधी आत घ्यायचं नाही असा सोसायटीचा नियम होता, कारण लॉबीतल्या सोफ्यांवर त्या बसतील म्हणे. पुढची बस पकडली तर आठ वाजायचे आणि काम जायचं. म्हणजे रोजची पन्नास मिनिटं. डॉक्टरने बजावलं होतं, काहीही करा पण उभं राहू नका. डॉक्टरला काय जातंय सांगायला!

पंजा आल्यापासून मात्र ती बसायची. एका रविवारी घाशाकडे आली तेव्हा चहा पिता पिता म्हणाली, "तुझ्या त्या हाताने माझे गुडघे वाचवले बघ."

"माझा नाही तो. त्या पांढऱ्या शर्टवाल्याचा आहे. नाव आहे खाली."

"नाव असेल त्याचं. बसल्यावर कळतं कोणाचं आहे ते."

घाशाने तोंड फिरवलं. पण त्या दिवशी त्याने चहा दोनदा केला. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात ताईने केलेली ही पहिली स्तुती होती.

सात महिने झाले आणि कारखान्यात कलासल्लागार बाई आल्या. कलासल्लागार म्हणजे बिल्डरला कुठला कांदा शोभेल हे सांगणारी व्यक्ती. बाईंनी खुर्ची रुमालाने पुसली, त्या बसल्या आणि म्हणाल्या, "लोक 'स्वागत'शी चुकीच्या पद्धतीने जोडले जातायत."

मालकांनी मान डोलावली. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"म्हणजे बसतात," घाशा म्हणाला.

"हो, तेच."

"मग बसू द्या की. जनतेसाठीच आहे ना?"

"जनतेसाठी आहेच. पण सकाळी सकाळी तिथे कामवाल्या बायका बसलेल्या असतात, डबे-पिशव्या घेऊन. फ्लॅटधारकांना गाडीतून बाहेर पडताना पहिलं तेच दिसतं. कलाकृतीचा अर्थच बदलून जातो."

"अर्थ काय होता?"

"स्वागत," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसूही आलं नाही.

उपाय त्या घेऊनच आल्या होत्या. तळव्यातून वर येणाऱ्या चाळीस टोकदार सळ्या, एकेक वीतभर उंच. त्यांना सळ्या म्हणायचं नाही, किरण म्हणायचं. पांढऱ्या शर्टाला फोन लावला, तर त्याला किरण फारच आवडले. तिथे काहीतरी कमी आहे असं आपल्याला पहिल्यापासून वाटत होतं, असंही तो म्हणाला. पालिकेची काही अडचण नव्हती. पालिकेचा माणूस मागेच येऊन 'जनतेसाठी खुले' असा शेरा मारून वरचे दोन मजले मंजूर करून गेला होता. त्या दोन मजल्यांवर लोक राहायलाही आले होते.

बाई गेल्यावर घाशा मालकांना म्हणाला, "हे मी करणार नाही. माझी बहीण बसते तिथे."

मालक वाईट माणूस नव्हते. वाईट व्हायला जो कणा लागतो तोही त्यांच्याकडे नव्हता. "नको करू बाबा, जबरदस्ती नाही," ते म्हणाले. "पलीकडच्या शेडवाल्याला देतो. तो जाऊन करील."

पलीकडचा शेडवाला! त्याच्या जोडांवर मुंग्यांच्या वारुळासारखे ढीग असतात आणि तो त्यावर चंदेरी रंग फासतो. तो माणूस आपल्या पंजाला हात लावणार! सळ्या तर बसणारच होत्या. निदान पंजा विद्रूप तरी होऊ नये. असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि इतकी वर्षं ज्यांना हसला त्यांच्या बोलण्याइतकंच हे गुळगुळीत होतं, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

त्याने मनाशी एक बेतही केला. सळ्यांना नुसते टाके मारायचे. टाका म्हणजे जोडाला थेंबभर वेल्डिंग, काम पक्कं करण्याआधी तात्पुरतं धरून ठेवण्यापुरतं. वरून दिसायला ठीक, पण चार पोरांनी हिसडली की आठवड्यात सळी हातात येईल. मग म्हणायचं, जागाच चुकीची आहे साहेब, तिथे टिकत नाही. असं दोन-तीनदा झालं की बिल्डर कंटाळेल, किरण मावळतील, आणि ताई परत बसेल. बेत झकास होता. ताईला त्याने यातलं काही सांगितलं नाही.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तो यंत्र घेऊन पंजाच्या तळव्यात चढला. पहिल्या सळीला दोन टाके मारले. दुसरीला मारले. असं करत चाळीसही झाल्या. मग मागे सरून बघितलं, तर टाक्यांच्या त्या काळपट गाठी लखलखत्या स्टीलवर गोचिडांसारख्या दिसत होत्या. असं काम त्याने स्टुलानंतर कधी मागे सोडलं नव्हतं. तो स्वतःशी म्हणाला, नुसता काळेपणा काढतो. म्हणून एक जोड जरा घासला. घासल्यावर तिथे खळगा दिसला. खळगा भरायला वेल्डिंग फिरवलं, ते अर्धं कशाला सोडायचं म्हणून सळीभोवती पूर्ण फिरवलं. फिरवलं ते घासलं, मग पॉलिश केलं. सुंदर झालं. मग त्या एका जोडाशेजारी बाकीचे एकोणचाळीस भिकार दिसायला लागले.

संध्याकाळपर्यंत घाशा तिथेच होता. बेत कुठल्या सळीपाशी विसरला गेला हे त्याला कधीच सांगता आलं नसतं. उतरला तेव्हा चाळीसच्या चाळीस सळ्या तळव्यातून उगवल्यासारख्या दिसत होत्या. एखाद्या हत्तीने ओढल्या तरी हलल्या नसत्या. त्याने वरून प्लास्टिकचा कागद बांधला, कारण सकाळी सात वाजता सल्लागार बाई फोटो काढायला येणार होत्या. घरी जाताना बसमध्ये त्याला एकदम बेत आठवला.

सकाळी सव्वासहापासून तो पंजापाशी येऊन उभा होता. ताईला काय सांगायचं याची त्याने चार वाक्यं जुळवली होती, चारही खोटी. सहा चाळीसला बस आली. ताई आधी एक पाय, मग दुसरा पाय, असं करत उतरली, तिच्या मागे त्या दोघी. बायका नेहमीच्या सवयीने पंजाकडे आल्या आणि थबकल्या. पारदर्शक कागदातून सळ्यांची टोकं वर आली होती.

"हे काय आता?" धुणं-भांडी करणारी म्हणाली. "बसायचं कुठे?"

घाशाने कागद सोडला. हात कामाला लागला की बोलावं लागत नाही. सकाळच्या उन्हात सगळं चकाकलं. भांडीवाली शिव्या द्यायला लागली, बिल्डरला, सोसायटीला, आणि ज्या मेल्याने हे खिळे ठोकले त्याच्या सात पिढ्यांना. घाशा तसाच उभा राहिला. त्या शिव्या त्याला कमी वाटत होत्या.

ताई पुढे झाली, वाकता येत नव्हतं तरी अंगठ्याचा आधार घेऊन वाकली, आणि एका सळीच्या बुडाशी तिने बोट फिरवलं. गोल, सावकाश, पूर्ण एक फेरा. मग दुसऱ्या सळीच्या बुडाशी, मग तिसऱ्या. घाशाला वाटलं, अडू दे. एकदा तरी कुठेतरी अडू दे. बोट कुठेच अडलं नाही.

ताई सरळ झाली. भावाकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं.

"शिव्या नको देऊ गं," ती भांडीवालीला म्हणाली. "माझ्या भावाचं काम आहे हे. बघ, जोड सापडतो का कुठे."

आणि तिच्या आवाजात खरोखरच अभिमान होता.

घाशाला आजवर पुष्कळांची किळस आली होती. कांदेवाल्यांची, किरणवाल्यांची, मालकांची, पांढऱ्या शर्टांची. त्या सगळ्यांची मिळून जेवढी होईल तेवढी त्याला त्या क्षणी स्वतःची आली. "ताई," तो म्हणाला.

"असू दे," ताई म्हणाली. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, वजन उजव्या गुडघ्यावरून डाव्यावर टाकलं, आणि ती उभी राहिली. फाटक उघडायला अजून सत्तेचाळीस मिनिटं होती.