घड्याळ कोणी लावलं?

जाधव सरांना कोणी वेळ सांगितली की ते विचारत, "तुझं घड्याळ कोणी लावलं?" मी पुण्याहून बंगळूरला पीएचडीला आले, तेव्हा पहिल्याच भेटीत मलाही विचारलं. हा माणूस मला तेव्हाच आवडला नाही. पुढे पाच वर्षं ते माझे मार्गदर्शक होते, आणि माझं मत बदलावं असं त्यांनी काही केलं नाही.

त्यांचं घराणं कैक पिढ्यांचं बंगळूरचं, त्यामुळे मराठीत निम्मी कन्नड. चारचौघांत माझे वाभाडे काढायचे असले की "स्वल्प थांब, अक्का" अशी गोड सुरुवात करत. ही अक्का त्यांच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान होती.

सत्त्याऐंशी साली एका ताऱ्याचा स्फोट दिसला. तिथून आलेले जेमतेम वीसेक न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही न अडणारे अतिसूक्ष्म कण, जपानातल्या आणि अमेरिकेतल्या यंत्रांनी टिपले. न्यूट्रिनोचं वस्तुमान तोवर शून्यच धरत; ते असेल, तर कमी ऊर्जेचे मागे रेंगाळणार. त्या रेंगाळण्यावरून मी वस्तुमान काढलं, आणि ते शून्य आलं नाही. त्यावर लिहिलेल्या लेखाच्या जोरावर मला जर्मनीत नोकरी मिळत होती. फक्त सरांची सही हवी होती.

"दोन्हीकडचा पहिला न्यूट्रिनो एकाच क्षणी आला, हे कोण म्हणालं?"

"सोयीसाठी तसं धरलंय, सर."

"जपानातलं घड्याळ कोणी लावलं?"

ते घड्याळ मिनिटभर चुकलेलं असू शकेल, असं तिथल्या लोकांनीच लिहून ठेवलं होतं. माझा सगळा खेळ दहा-बारा सेकंदांचा.

"तुम्हाला माझं बरं बघवत नाही," मी तोंडावर म्हटलं.

"सरी, बरं, तसं समज. सही मिळणार नाही."

घड्याळातली चूक धरून गणित पुन्हा केलं, तर माझं वस्तुमान नाहीसं झालं. "यापेक्षा जास्त नसावं" एवढंच हाती उरलं. जर्मनी गेली. सरांनी मात्र हा किस्सा पुढच्या प्रत्येक तुकडीला माझ्यादेखत रंगवून सांगितला.

अठ्ठ्याण्णव साली जपानातूनच, वेगळ्या प्रयोगातून, बातमी आली: न्यूट्रिनोला वस्तुमान असतं. मी रिक्षा करून थेट के. आर. पुरमला त्यांच्या घरी गेले. सर निवृत्त झाले होते, आजाराने खंगले होते.

"वस्तुमान आहे, सर."

"आहे की. तुझ्या आकड्यांत नव्हतं."

काकूंनी आणलेली कॉफी तशीच ठेवून मी निघाले. वर्षभराने सर वारले. मी गावातच होते, पण गेले नाही.

त्यांचा मला अजून राग येतो. तो चुकीचा लेख मात्र माझ्या नावावर नाही. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले नाहीत, आणि आज ते समोर आले तरी मानणार नाही.