मागचे काका

गेल्या डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, आमच्या क्लबच्या मागच्या काकांवर अन्याय झाला. तो कुणी केला तेही मी सांगणार आहे. नावं झाकून ठेवायची मला सवय नाही. पण त्याआधी हे काका कोण ते तुम्हाला कळायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका पदकासाठी एवढा आरडाओरडा कशाला?

पनवेलपासून उरणपर्यंतच्या पट्ट्यात मागे राहण्याच्या कलेत काकांचा हात धरणारा दुसरा माणूस नाही. आपल्याकडे सगळ्यांना पुढे जायचं असतं. सिग्नलला पुढे, पंगतीत पुढे, फोटोत तर सगळ्यात पुढे. काका सहासष्ट वर्षांचे आहेत आणि गेली नऊ वर्षं ते दर रविवारी ठरवून, मनापासून, शेवटचे येतात. आमचा क्लब ट्रेल रनिंगचा. म्हणजे ज्या पायवाटेनं वाडीतल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन मुकाट्यानं रोज उतरतात, त्याच वाटेवरून महागडे बूट घालून पळायचं आणि नंतर त्याबद्दल आठवडाभर बोलायचं. करंजाड्याचे सॉफ्टवेअरवाले, एक दातांचे डॉक्टर, बँकेतल्या दोघी, कॉलेजची चारसहा पोरं असे आम्ही पंधरावीस जण पहाटे पावणेसहाला डोंगराच्या पायथ्याशी जमतो. अशा धावण्यात एक नियम असतो: कुणीतरी एकानं सगळ्यांच्या मागे राहायचं, म्हणजे वाट चुकलेला, पाय मुरगळलेला, दम लागलेला कुणी डोंगरात एकटा राहत नाही. बाकीच्या क्लबांत हे काम पाळीपाळीनं करतात म्हणे. आमच्याकडे ते काका करतात. म्हणून ते मागचे काका.

मोजण्याचं त्यांना वेड आहे. जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डाच्या फाटकावर बावीस वर्षं ते आत किती गेले, बाहेर किती आले, एवढंच मोजत होते. निवृत्त झाल्यावर कंटेनर गेले आणि आम्ही आलो. निघताना काका प्रत्येकाच्या पाठीवर हलकी थाप मारत मोजतात आणि मोठ्यानं सांगतात, “सतरा. मला सोडून.” खाली आल्यावर पुन्हा थाप, पुन्हा “सतरा, मला सोडून.” हे ‘मला सोडून’ कधी चुकत नाही. एकदा मात्र सतरा गेले आणि अठरा आले. काकांचा चेहरा असा झाला की जणू यार्डात विनाकागदाचा कंटेनर घुसलाय. पुन्हा मोजलं, पुन्हा अठरा. शेवटी मागच्या बाजूला घामानं निथळत उभे असलेले एक गृहस्थ पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, “अहो, मी नुसता फिरायला आलो होतो. शुगर आहे मला. तुम्ही पाठीमागून ‘चला चला, थांबू नका, मी हाय’ म्हणालात, म्हणून पळालो.” सहा किलोमीटर पळाले होते बिचारे, शर्ट-पँट आणि चपलांवर. काकांनी त्यांना पाणी दिलं, खाली बसवलं आणि म्हणाले, “मंग आदी बोलायचं ना! माझी अर्धी वाट हिशोबात गेली.” ते गृहस्थ आता आमचे खजिनदार आहेत.

काकांचा पोशाख म्हणजे क्लबचा टी-शर्ट, खाकी हाफपँट, खांद्यावर टॉवेल आणि पाठीला काकींनी शिवलेली कापडी पिशवी. आमच्या पाठीवरच्या बॅगांना नळ्या असतात, नळीतून पाणी येतं, खिशात चिकट गोड पाकिटं असतात. काकांच्या पिशवीत तांदळाची भाकरी, करंजा बंदरावरून आणलेलं सुकट आणि कागदाच्या पुडीत खडे मीठ. एकदा करंजाड्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्याच्या पोटऱ्यांत चढावरच गोळे आले. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्या हृदयाचे ठोके, झोप, श्वास, सगळं सांगत होतं, फक्त आता काय करायचं ते सांगत नव्हतं. काकांनी मिठाचा खडा त्याच्या जिभेवर ठेवला, पोटरी चोळली आणि विचारलं, “तुमी खाडीकडच्या त्या मोठ्या टॉवरात ऱ्हाता ना? कितवा मजला?” तो कण्हत म्हणाला, “नववा.” “तुमच्या खाली आमचं मिठागर व्हतं,” काका म्हणाले. “नवव्या मजल्यावर आभाल आन तलाला माझा बापूस.” त्यांच्या जागी मी असते तर यावर दोन पानी पत्रक काढलं असतं. काढलंही असतं, पण काकांनी लगेच त्याला अर्धी भाकरी मोडून दिली आणि विषय संपला. तो मुलगा आता घरून मिठाची पुडी आणतो आणि नव्यांना मोठ्या ऐटीत सांगतो, की हे आमच्याकडचं मीठ.

वाटेवर खुणा बांधायचं कामही काकांचंच. क्लबनं एकदा प्लास्टिकच्या चकचकीत रिबिनी आणल्या होत्या. काकांनी त्या हातात घेतल्या, हुंगल्या आणि परत दिल्या. “गुरं खातील. गुरांना काय म्हाईत तुमची शर्यत हाय?” तेव्हापासून काकींच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या झाडांना बांधल्या जातात, आणि शेवटून येणारे काका एकेक सोडून, घडी घालून पिशवीत टाकत उतरतात. डोंगर जसा होता तसा परत. एका वर्षी घाईत त्यांनी चुकीच्या बोचक्यातली साडी फाडली, ती निघाली पुतण्याच्या हळदीसाठी घेतलेली कोरी साडी. काका आगरी, आणि आगऱ्यांच्या घरात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी गोष्ट. त्या रविवारी आम्ही डोंगरावरून खाली आलो तर काकी कमरेवर हात देऊन पायथ्याशी उभ्या. सगळ्या क्लबदेखत म्हणाल्या, “तुमी डोंगराला साडी नेसवलीत ना? आता हलदीलाबी त्यालाच घेऊन जा. मी नाय येत.” काका पिशवीतून चिंध्या काढून मोजत उभे. “सगल्या परत आनल्यात गो,” म्हणाले. “एकबी कमी नाय.”

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली, माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात. मी धावायला गेलेच नव्हते. आमच्या भागात टेकडी पोखरणं चाललंय, त्याविरुद्ध पत्रकं वाटायला गेले होते. लोकांनी पत्रकं घेतली आणि पळत सुटले. मी काकांवर डाफरले, “तुम्हा लोकांना डोंगर फक्त पळायला हवा!” काका म्हणाले, “आगो पोरी, सगली वर चाललीत. वर जाऊन सांग, खाली कोन ऐकनार?” मी चपला घालून चढायला लागले. वीस मिनिटांत माझ्या फुफ्फुसांनी संप पुकारला. काका दोन पावलं मागे, ना ओढणं, ना ढकलणं. “दम लागला?” “नाही.” “मंग बोल की कायतरी, मगापासून गप हायेस.” मी बोलू शकत नव्हते हे त्यांना ठाऊक होतं. खाली आल्यावर त्यांनी टॉवेलखालून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. वाटेवर लोकांनी टाकलेली माझी पत्रकं. “सतरा दिलीस, सतरा हायत,” ते म्हणाले. “डोंगरावर कागूद वाटू नये. घरी जाऊन दे, चहा पितात तवा वाचतात.” मी रडकुंडीला आले होते. पुढच्या आठवड्यात ते स्वतः माझ्याबरोबर सतरा घरं फिरले. प्रत्येक दारात माझ्या मागे उभे.

आता अन्याय. डिसेंबरात आमच्या क्लबची वर्षाची मोठी शर्यत असते, बारा किलोमीटरची, बाहेरच्यांनाही खुली. त्या दिवशी काकाही छातीवर नंबर लावून धावत होते, म्हणजे अर्थात मागे होते. नऊला शर्यत बंद, असा नियम. अर्ध्या वाटेत एका शिक्षिकेचा पाय मुरगळला. ती पहिल्यांदाच आली होती. काकांनी टॉवेलानं तिचा घोटा आवळला आणि तिला बोलतं ठेवत शेवटच्या वळणापर्यंत आणलं. तिथून शर्यत संपते ती कमान दिसत होती. “आता तुमी पुढं व्हा,” म्हणाले. ती नऊला एक मिनिट कमी असताना पोहोचली, पदक गळ्यात पडलं, टाळ्या झाल्या. तिला सांभाळताना सोडायच्या राहिलेल्या चिंध्या गोळा करायला काका पुन्हा मागे फिरले. नऊ वाजले. पाहुण्यांना जायचं होतं, मैदान रिकामं करायचं होतं. फुगवलेल्या कमानीतली हवा सोडायला सांगितलं गेलं, घड्याळ बंद झालं, पोह्यांचं पातेलं पालथं पडलं. नऊ वीसला काका आले तेव्हा कमान जमिनीवर लोळत होती. ते तिच्यावरून अलगद पाय उचलून आले, कापडाला चिखल लागू नये म्हणून. “किती आली?” त्यांनी विचारलं. “अठ्ठ्याऐंशी.” “अठ्ठ्याऐंशी, मला सोडून,” ते म्हणाले. “बरोबर हाय.” आणि टॉवेलानं तोंड पुसून गुडघा धरून बाकावर बसले. संध्याकाळी निकाल लागला. पूर्ण अठ्ठ्याऐंशी, अपूर्ण एक. अपूर्णसमोर काकांचं नाव.

कमानीतली हवा सोडायला मी सांगितलं. शर्यतीची व्यवस्था माझ्याकडे होती, निकालही मीच टाइप केला. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हक्कांवर चौकाचौकात घसा फोडणारी मी, मला सगळी रांग दिसली, शेवटचा माणूस दिसला नाही. कुणी तक्रार केली नाही. काकांनी तर नाहीच. ते ‘मला सोडून’ म्हणायचे आणि आम्ही नऊ वर्षं त्यांचं अक्षरशः ऐकत आलो.

त्या दिवसापासून काकांचा गुडघा सुजलेला आहे. डॉक्टरांनी उतारावरून चालणं बंद केलंय. काका आता पायथ्याशी दगडावर बसून मोजतात. मागे राहायचं आम्ही पाळीपाळीनं ठरवलं, पण पळणाऱ्यांचे पाय मोठे बेइमान. दोन किलोमीटर झाले की आपोआप पुढे जातात. दोन रविवारांपूर्वी सोळा गेले आणि पंधरा आले. मागे कोण होतं, यावर आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणीच नव्हतं. काका काठी टेकून उठले आणि चढायला लागले. मी आडवी आले. “काका, बसा!” “एक कमी हाय,” ते म्हणाले. “बसू कसा?” मी त्यांची पिशवी ओढून घेतली आणि निघाले.

ती नवी मुलगी होती, गुरांच्या वाटेनं भलत्याच वाडीत उतरली होती. एका अंगणात चहा पीत बसलेली सापडली, डोळे रडून लाल. मी तिला पुढे घातलं आणि पहिल्यांदाच मुद्दाम मागून चालले. मागून डोंगर वेगळा दिसतो. धूळ खाली बसलेली असते, पाखरं परत बोलायला लागलेली असतात, आणि समोर एका माणसाची पाठ असते, जिच्यावरून तुम्हाला कळतं की आता ती थांबणार आहे. नऊ वर्षं काका हे बघत होते. माझीही पाठ त्यांनी अशीच बघितली असणार.

खाली काकांनी काठीनं मातीत एक रेघ ओढली होती. दहा वाजून गेले तरी कुणाला तिच्यावर पाय देऊ दिला नव्हता. आम्ही दोघींनी ती ओलांडली. “किती?” त्यांनी विचारलं. “सोळा, मला धरून,” मी म्हणाले. काका म्हणाले, “हां. तसं मोजायचं व्हतं वाटतं.”

त्याच दिवशी मी निकाल दुरुस्त केला. पूर्ण एकोणनव्वद. काकांची वेळ नऊ वीस. कमानीचं काही करता येत नाही.

उतार त्यांना आता बंदच राहणार आहे, आणि एक जरी कमी आला तर ते पुन्हा उठणार आहेत. म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते, विनंती नाही करत: येत्या रविवारी पावणेसहाला डोंगराच्या पायथ्याशी या. वेगानं पळता येत नसेल तर उत्तमच, पुढे जाणारे आमच्याकडे भरपूर आहेत. तुम्ही मागे राहा. मिठाची पुडी घ्या, चिंध्या सोडत या, पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवा. आणि खाली दगडावर बसलेल्या माणसानं किती आली म्हणून विचारलं, तर स्वतःला धरून सांगा.