बोईसर ते मनोर, न थांबता

जुने सहकारी भेटले की मला वाटतं, आता आपण आखलेल्या रस्त्यांची आठवण निघेल. छे! पहिला प्रश्न असतो, "काय निकम, हल्ली किती वेळ निघतो?" अरे, रस्ते आखले, मोऱ्या बांधल्या, त्याचं कुणाला काही नाही! एका माणसाच्या मूत्राशयावर अख्ख्या ऑफिसने किस्से जमवून ठेवलेत. म्हटलं, लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगावेत.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरकडे वीज केंद्राचं मोठं काम निघालं होतं आणि त्या भागातल्या रस्त्यांची आखणी आमच्याकडे होती. मी साताऱ्याकडून आलेला टेंपररी ओव्हरसियर. ऑफिस बोईसरला, बिऱ्हाड पालघरला. साहेब होते काणे, कडक माणूस. नोकरी कायम व्हायची तर साहेबांचा चांगला शेरा हवा आणि सरकारी डॉक्टरचा 'फिट' दाखला हवा. आणि मला तर सारखी लघवीला लागायची! लागली की लागलीच, 'जरा दम धर' म्हणायची सोय नाही. साहेबांना कळलं असतं तर फील्डवरून माझी उचलबांगडी ठरलेली. घरी बायको, दोन मुली, गावाकडे आईवडील. मला मनापासून भीती वाटायची.

पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं. "साखर नाही, खडा नाही. मूत्राशय उतावीळ आहे, एवढंच. लागली की लगेच पळू नका. थोडं थोडं धरायला शिका. मन दुसरीकडे गुंतवा."

"कशात गुंतवू?"

"मला काय विचारता? पाढे म्हणा!"

* * *

मी साडेतीनचा पाढा निवडला. आमच्या मास्तरांनी छड्या मारून पाठ करून घेतलेली औटकी!

एकदा नवापूरच्या वाटेवर जमिनीची लेव्हल घेत होतो. मी दुर्बिणीतून बघून आकडा ओरडायचा, काणेसाहेबांनी लिहून घ्यायचा आणि समोर आमच्या चेनमन रूपजीने आकड्यांची पट्टी उभी धरायची, अशी कामाची वाटणी. नेमकी तेव्हाच लागली. चहूकडे उघडं माळरान, आडोशाला एक झुडूप नाही. मी पाय आवळले आणि मनात पाढा सुरू केला.

"बोला!" साहेब म्हणाले.

"साडेतीन!"

रूपजी पट्टी घेऊन पुढे सरकला. "सात!" आणखी पुढे. "साडेदहा!" मग "चौदा!" आणि मग, घामाघूम होऊन, "साडेसतरा!"

साहेबांची पेन्सिल थांबली. "निकम, पट्टी चौदा फुटांची आहे!"

मला ऊन लागलं असं त्यांनी ठरवलं. स्वतःच्या हाताने छत्री धरली, मला खाली बसवलं आणि काळजीने तांब्याभर पाणी पाजलं!

* * *

जीपचा ड्रायव्हर सोनूभाऊ माझ्या बाजूचा. मी मागून त्याच्या खांद्याला बोट लावलं की तो गाडी कडेला घ्यायचा, बॉनेट उघडायचा आणि म्हणायचा, "रेडिएटर तापला, साहेब!" मग मी तत्परतेने पाण्याचा डबा घेऊन झाडीत पसार. येताना डबा भरलेला, मी रिकामा. सगळं कसं झकास चाललं होतं.

एके दिवशी मनोरला निघालो. साहेब भलते खुशीत. "निकम, तुमची पायपीट संपली! वर भांडून नवा रेडिएटर बसवून घेतलाय. आता मनोरपर्यंत कुठेही थांबायचं नाही!"

मी मेलो. मासवणजवळ मी सोनूभाऊच्या खांद्याला बोट लावलं, मग चिमटा काढला. शेवटी त्या भल्या माणसाने आळ स्वतःवर घेतला. गाडी थांबवून म्हणाला, "साहेब, मला जरा जाऊन येऊ द्या."

साहेब कडाडले, "बोईसर सोडून किती वेळ झाला रे? जरा निकमांकडे बघ! सकाळपासून माणूस जागचा हललेला नाही!"

आता मी कुठल्या तोंडाने खाली उतरणार? सोनूभाऊ, ज्याला लागली नव्हती, तो निवांत जाऊन आला. मी साडेतीनचा पाढा म्हणत बसलो.

* * *

आमच्या दारावर सातपाटीची मथुराबाय मासळी घेऊन यायची. बायकोने बोंबील निवडता निवडता तिच्या कानात हळूच विचारलं, "यावर काही घरगुती औषध माहीत आहे का हो?"

मथुराबायचं हळू बोलणं बाजारात शिकलेलं. ती खच्चून म्हणाली, "तुजे नवऱ्याला सारका जाया लागतं? आगं, माजे दादल्याला पन तसाच हाय!"

शेजारी साहेबांचंच बिऱ्हाड, आणि खिडकीत काणेवहिनी उभ्या. बायकोला घाम फुटला. पण आता सगळं बाहेर पडलंच होतं, तर औषध तरी पदरात पडावं म्हणून तिने विचारलं, "मग तुमचे मालक काय करतात?"

"त्याला काय कराचा? तो होरीवर जातं. त्याला सगला दर्या हाय. तुजेला काय हाय? जीप!"

संध्याकाळी काणेवहिनींकडून माझ्या दुखण्यावर औषध म्हणून वाटीभर तीळगूळ आला. "यांना बोलले नाही हो मी," एवढंच त्या म्हणाल्या. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

* * *

रूपजी वारली पाड्यातला, कामाला चोख. त्याला पहिल्याच दिवशी मी नियम शिकवला होता. मी पुढे चालेन. जिथे थांबेन तिथे तू मागून येऊन खुंटी ठोकायचीस, वर लाल फडकं बांधायचंस. रस्त्याची ओळ अशीच पुढे जाते.

एका पाड्याजवळ घरोघरी कोरा चहा झाला. नाही म्हटलं तर लोकांना वाईट वाटतं, म्हणून सगळा प्यायलो. पुढे काय व्हायचं ते झालंच. ओळ सोडून मी करवंदीमागे गेलो, मग आंब्यामागे, मग बांधाच्या खालच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन गेलो तर सरळ ओळीशेजारून फडक्यांची दुसरी ओळ निघालेली! करवंदीमागे खुंटी, आंब्यामागे खुंटी, बांधाखाली खुंटी.

मी रूपजीवर डोळे वटारले. तो शांतपणे म्हणाला, "तुमी उबे राहिलात. आमी खुटी मारली. तुमीच सांगितलेलं हाय."

"निकम, हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

तोंडातून निघून गेलं, "ट्रायल लाईन, साहेब!"

साहेब ती दुसरी ओळ पायाखाली घालून आले. परत आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! सरळ गेलो असतो तर मधे खडक लागला असता. हीच लाईन पक्की!"

आजही तिथे एसटी तीन वळणं घेते. आतले लोक ड्रायव्हरला शिव्या घालतात.

* * *

अखेर मेडिकलचं बोलावणं आलं. दाखला मिळाला तर नोकरी कायम, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बायकोने आदल्या संध्याकाळपासून मला पाण्याचा थेंब दिला नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा जीभ टाळ्याला चिकटलेली.

मोठे डॉक्टर म्हणजे डोक्यावर टक्कल, कपाळावर आठी. छाती तपासली, डोळे तपासले आणि हातात बाटली दिली. "लघवी द्या. पडद्याआड, शिपाई बरोबर राहील. बाहेरून आणलेली चालत नाही."

मी उभा राहिलो. शिपाई बघत राहिला. काही नाही! आयुष्यभर जिने कधी ऐकलं नाही, ती आज बोलावूनही येईना. संतापाने मला रडू फुटायचं बाकी होतं.

"झालं का?" डॉक्टरांनी पडद्यापलीकडून विचारलं.

"नाही, साहेब."

"बसा. आली की द्या." आणि ते घाईघाईने बाहेर गेले.

परत आले, दोन कागदांवर सह्या केल्या. "झालं का?" "नाही, साहेब." पुन्हा घाईघाईने बाहेर. शिपाई कंटाळून भिंतीला टेकला. डॉक्टर आत आले, खुर्चीत बसले, पुन्हा उठले. माझी बाटली कोरडीच.

मध्यान्ह टळली तेव्हा शिपायाला दया आली. त्याने माठातलं पाणी आणून दिलं आणि थोड्या वेळाने एकदाची बाटली भरली. डॉक्टरांनी ती तपासायला पाठवली. उत्तर आल्यावर दाखल्यावर 'फिट' लिहिलं आणि शिक्का मारला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दाखला घ्यायला हात पुढे केला, पण ते कागद सोडेनात.

त्यांनी शिपायाला बाहेर घालवलं. दार लोटलं. माझ्याजवळ वाकून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"सकाळपासून बघतोय मी... अहो, तुम्ही नेमकं औषध कुठलं घेता?"