इंचभर सैल चेन

मोटारसायकलची चेन किती सैल असावी, आणि ती योग्य तेवढी सैल ठेवणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताचा चुरा का व्हावा, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मी हे लिहितो आहे. पहिल्याचे उत्तर कोणत्याही गाडीच्या पुस्तिकेत एका ओळीत दिलेले असते. दुसऱ्यासाठी गंगाधर मिस्त्री कोण होता, हे सांगावे लागेल.

हदगावच्या बसस्थानकाकडून बाजाराकडे वळताना डाव्या हाताला, पत्र्याच्या छपराखाली त्याचे दुकान होते. मी मूळचा लातूरचा. हदगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो आणि जुनी गाडी विकत घेतली, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याचे नाव सुचवले आणि सोबत एक ताकीदही दिली, "काम चोख हाय, सर. फकस्त मार खायची तयारी ठेवा." मला ती थट्टा वाटली.

पहिल्याच दिवशी माझ्यादेखत एक तरुण शेतकरी गाडी घेऊन आला. टाकीवर चारेक वर्षांची मुलगी बसली होती. मिस्त्रीने वाकून पुढच्या ब्रेकची तार पाहिली. तिचे सगळे पदर तुटून एकच उरला होता, आणि तुटल्या जागी सुतळी गुंडाळलेली होती. त्याने मुलीला अलगद उतरवले, आत नेले, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे तोंड करून स्टुलावर बसवले आणि हातात बिस्किटाचा पुडा दिला. मग बाहेर येऊन बापाच्या कानाखाली अशी वाजवली, की तो गडी टायरांच्या ढिगावर जाऊन आदळला.

"सुतळीनं बैल बांध. पोरीची जान बांधतू का बे?"

"मिस्त्री, हात कामून उचलून राहिले? गिऱ्हाईक हाव मी तुमचं!" गाल धरून तो म्हणाला.

"म्हणून तर हातच उचलला. माझा भाऊ असतास तर पान्हा हाणला असता."

यानंतर त्याने नवी तार बसवली, ब्रेकची मूठ किती हलल्यावर चाक धरायला लागते हे त्या माणसाच्याच बोटांनी त्याला तीनदा तपासायला लावले, आणि मुलीला पुन्हा टाकीवर ठेवताना तिच्या चपलेचा बंद नीट करून दिला. तो शेतकरी पुढे कायम त्याच्याकडेच येत राहिला. मी त्याला विचारलेही. तो म्हणाला, "घरी बायकू विचारती, आज मिस्त्रीनं मारलं का? न्हाई म्हणलं की ती बी निवांत झोपती."

मिस्त्री बुटका होता, पण त्याचे खांदे रुंद होते आणि मनगटे कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. त्याच्या कामाची एक पद्धत मी दुसरीकडे कोठे पाहिली नाही. ब्रेकचे झिजलेले लायनर काढले, की तो ते मालकाला दाखवायचा, ऐरणीवर ठेवायचा आणि मालकासमोरच घणाने तुकडे तुकडे होईपर्यंत ठेचायचा. ठेचताना त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या. "अजून महिनाभर चाललं असतं," असे म्हणायला मालकाने तोंड उघडेपर्यंत परत बसवण्याजोगे काही उरलेलेच नसे. एकदा एका कंत्राटदाराने गुळगुळीत टायरचा कैवार घेतला, तेव्हा त्याने टायरच्या कडेला पटाशी खुपसली आणि ते टरकन फाडून त्याच्या पायाशी टाकले. "घ्या. आता झोका बांधा याचा."

हा संताप कोठून येत असे, ते मला पुढे कळले. परिसरात अपघात झाला, की चक्काचूर झालेली गाडी उघडून दोष सांगण्यासाठी पोलीस त्याला बोलवत. आधी तो बादलीभर पाण्याने गाडीवरचे रक्त धुवायचा, मगच पान्हा लावायचा. एकदा मी सोबत होतो. मागच्या चाकाच्या आऱ्यांत एका बाईच्या साडीचा काठ अडकला होता. तो सोडवायला त्याला अर्धा तास लागला. फाडून काढला असता तर दोन मिनिटांचे काम होते.

"सर, मेलेल्याची गाडी लई बोलती," तो हात धूत म्हणाला. "जित्याची बी बोलती. तवा कुणी ऐकून राहिलं न्हाई, म्हणून मी हाणतो. एका झापडीनं कुणी मरत न्हाई."

आमचे दोघांचे मतभेद एकाच गोष्टीवर होते. दर पंधरा दिवसांनी मी गाडी नेई. तो चाकांतली हवा पाही, इंजिन तेलाची पातळी पाही, क्लचच्या तारेतील ढील दोन बोटांनी जोखी, आणि चेन मात्र माझ्या मते ढिली ठेवी. गाडी मुख्य स्टँडवर असताना ती इंचभर वरखाली हलत असे आणि खड्ड्यातून जाताना कव्हरला घासून खडखडत असे. हा आवाज मला बेशिस्त वाटे.

"मिस्त्री, जरा ताठ करा ना."

"फाशी देऊन राहिले का तिला?"

"अहो, आवाज येतो."

"आवाज तिचा येऊ द्या, तुमचा न्हाई. अन् एक सांगा सर, गाडी स्टँडवर चालती का रस्त्यावर?"

त्याच्या या प्रश्नात संपूर्ण उत्तर होते. मी तो उद्धटपणा समजलो. तराजू वापरण्यापूर्वी पारडी रिकामी ठेवून काटा शून्यावर आणावा, हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आलो होतो. माप घ्यायचे ते भार नसताना, ही माझी समजूत पक्की होती.

आमच्या शाळेचा लिपिक बालाजी मला धाकट्या भावासारखा. पेरणीच्या आधी त्याने गाडी मिस्त्रीकडून तपासून आणली. दोन दिवसांनी शाळेच्या आवारात तो म्हणाला, "सर, चेन लई वाजून राहिली. मिस्त्रीनं सैलच ठेवली जणू." मधल्या सुट्टीत मी बाह्या सरसावल्या. गाडी मुख्य स्टँडवर घेतली, आसाचा नट ढिला केला, दोन्ही बाजूंचे ताणण्याचे नट सारखेच आटे फिरवले, दोन्हीकडची खूण जुळावी म्हणून खडूने रेघ मारली आणि चेन तारेसारखी ताठ केली. चाक सरळ बसले होते. आवाज गेला. बालाजी खूश झाला. मीही झालो.

तिसऱ्या दिवशी तो पत्नीला, सुमनताईंना, घेऊन शेताकडे निघाला. दोघांच्या मध्ये सोयाबीनच्या बियाण्याचे पोते होते. ओढ्याच्या पुलावरच्या खड्ड्यात गाडी दबली आणि चेनची टोके जोडणारे लॉक तुटले. सुटलेली चेन कव्हरमध्ये गोळा होऊन अडकली आणि धावते मागचे चाक जागच्या जागी थांबले. गाडी आडवी फेकली गेली. सुमनताईंचे डोके कठड्याच्या दगडावर आपटले. पोते फुटले होते. लोक धावत आले तेव्हा बालाजी मोडक्या पायाने सरपटत, रक्तात भिजलेले बी सुमनताईंच्या तोंडावरून बाजूला करत होता. त्यांचा जीव जागीच गेला होता.

रुग्णालयात सुमनताईंच्या तीन भावांनी त्याला एकच विचारले, गाडी कुणाच्या हातची? त्याने खरे ते सांगितले, "चार-पाच दिवसांखाली मिस्त्रीकडून आणली." माझी मदत त्याला त्या क्षणी आठवली नसावी. ती त्याच्या लेखी मिस्त्रीचे काम नव्हे, माझी माया होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मला ही बातमी कळली. "चेन तुटली" हे शब्द ऐकताच मी घरामागे जाऊन माझी गाडी मुख्य स्टँडवर लावली. चेन खालून बोटाने उचलून पाहिली, तर इंचभर हलत होती. मग गाडी चाकांवर उतरवली, पत्नीला आणि शेजाऱ्यांना तिच्यावर बसवले आणि पुन्हा बोट लावले. तो सगळा ढील नाहीसा झाला होता. स्टँडवर मागचे चाक अधांतरी लोंबते. भार आला की ते वर उचलले जाते, चेनच्या दोन दातेरी चक्रांमधले अंतर वाढते आणि चेन ताणते. मिस्त्रीचा तो इंच त्या भारासाठी राखून ठेवलेला होता. बालाजीच्या गाडीत मी तो शिल्लक ठेवला नव्हता. मी शाळेत गेलो नाही. दुकानाकडे निघालो.

मी पोहोचलो तेव्हा भाऊ माझ्या आधी आलेले होते. बाजाराचा दिवस होता. शे-दीडशे माणसे गोल करून उभी होती आणि एकही जण पुढे होत नव्हता. मिस्त्री ऐरणीपाशी गुडघ्यांवर होता. भुवई फाटून त्याचा एक डोळा रक्ताने भरला होता. मधल्या भावाने त्याचे केस धरले होते. थोरल्याने, दत्तरावांनी, त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातात मिस्त्रीचाच घण होता. पंजा आधीच चेचलेला होता. बोटे कोणती आणि अंगठा कोणता, हे ओळखू येत नव्हते.

"बोल! चेन तुझ्या हातची का न्हाई? बोल!" दत्तराव ओरडले आणि त्यांनी घण पुन्हा खाली आणला. मिस्त्री किंचाळला, पण त्याने कोणाचे नाव घेतले नाही.

मी गर्दीतून आत घुसलो. "दत्तराव, थांबा! चेन मी ताणली. तीन दिवसांपूर्वी. शाळेत."

दत्तरावांनी माझ्याकडे पाहिले. मग मान हलवत म्हणाले, "सर, तुम्ही भला माणूस. ह्याला वाचवायला आपल्या अंगावर घेऊन राहिले. बाजूला व्हा."

"मी खरे सांगतो आहे."

"मिस्त्री कोण, तुम्ही का हा? सरका म्हणलं ना!" मधल्याने मला छातीत ढकलले. ज्या प्रतिष्ठेचा मला अभिमान होता, तिच्यामुळे माझा शब्द त्या दिवशी कवडीमोल ठरला.

सर्वांत धाकटा, संतोष, माझ्या हाताखाली शिकलेला होता. वर्गात ज्या आवाजात मी हाक मारत असे, त्याच आवाजात मी ओरडलो, "संतोष! तुमची गाडी मुख्य स्टँडवर लाव. चेनीला खालून बोट लाव!"

तो दचकला. पण सवय मोठी असते, त्याने ऐकले. ते तिघे ज्या गाडीवर आले होते तिला चेनचे कव्हरच नव्हते.

"किती हलते?"

"हलती, सर. पेरभर."

"आता गाडी खाली घे." मी तिच्यावर बसलो, समोरच्या चहावाल्याला हात धरून मागे बसवले. "आता लाव बोट."

संतोष खाली वाकला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. "दादा," तो हळूच म्हणाला, "तारेवानी झाली रे. हलतच न्हाई."

"दोन माणसांत एवढी. तिसऱ्याचे वजन आणि खड्डा अजून बाकी आहे," मी म्हणालो. "मिस्त्रीने बालाजीची चेन तुमच्या गाडीपेक्षा सैल ठेवली होती. मी ती रिकाम्या गाडीवर ताठ केली. पोलिसांकडच्या गाडीवर माझ्या खडूची रेघ आहे. जाऊन पाहा."

दत्तरावांनी घण टाकला. ते स्वतः वाकले. आम्हाला उतरवून पाहिले, परत बसवून पाहिले. असे दोनदा केले. मग उठून त्यांनी विचारले, "तुमच्या हातानं झालं, सर?"

"हो."

त्यांनी माझ्या तोंडावर मूठ मारली. मी गाडीसकट आडवा झालो, दोन दात रस्त्यावर पडले. पुन्हा मारण्यासाठी त्यांनी हात उचलला आणि तो तसाच हवेत ठेवून ते मोठ्याने रडू लागले. मिस्त्रीला रिक्षात उचलून घालताना त्याचे पाय संतोषने धरले होते.

नांदेडच्या रुग्णालयात त्याची दोन बोटे काढावी लागली आणि उरलेली कधी मिटली नाहीत. मी पोलिसांना लेखी जबाब दिला. बालाजीच्या खाटेपाशी जाऊन त्यालाही सांगितले. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. आजतागायत तो माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मिस्त्रीला भेटायला गेलो तेव्हा त्याच्या उशाशी बसून मी म्हणालो, "तुम्हाला माहीत नव्हते, मी ताणली ते."

"माहीत व्हतं की. पोलिसांनी सकाळीच गाडी दावली. खडूची रेघ, दोन्हीकडं सारखी. मिस्त्री कधी खडू वापरतो का?"

"मग नाव का नाही घेतलं?"

तो म्हणाला, "शाळा भरली व्हती, सर. घण घेऊन ते तिकडं आले असते. पोरं व्हती वर्गात."

मग म्हणाला, "अन् तुम्हाला हाणायचंच तर मी हाणीन. मी बरा झालो की. डाव्या हातानं."

तो दिवस आला नाही. दुकान बंद झाले. तो लातूरला मुलीकडे राहायला गेला. निवृत्तीनंतर मीही लातूरला परतलो आणि दर रविवारी त्याच्याकडे जात राहिलो. आपल्या पंजाबद्दल तो कधी बोलला नाही. सुमनताईंबद्दल मात्र एकदा विचारले, "बाई शिकलेली व्हती का?" मी हो म्हणालो. "मंग चेन तिलाच दावायला पायजे व्हती," तो म्हणाला. गेल्या उन्हाळ्यात झोपेतच गेला. खांदा द्यायला हदगावहून जे लोक आले, त्यांतल्या निम्म्यांनी त्याचा मार खाल्लेला होता. संतोषही आला होता.

वाचकांना एक विनंती आहे. मी चांगल्या हेतूने आणि नीटनेटक्या हाताने केलेल्या कामाने एका बाईचा जीव गेला आणि एका कारागिराचा हात गेला. तेव्हा माझ्या शब्दावर विसंबू नका. आज उजेड आहे तोवर गाडी बंद करा, गिअरमधून काढा, मुख्य स्टँडवर लावा आणि चेन खालून बोटाने उचलून पाहा. मग ती चाकांवर उतरवा, रोज जेवढी माणसे बसतात तेवढी बसवा, आणि गाडी जागची हलू न देता पुन्हा बोट लावा. काय आढळते ते स्वतः तपासा.