जाताना की येताना?

मी लिहावं की नाही, अजून नक्की होत नाही. सतरा वर्षं फौजेत काढून मी आता डहाणूच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वार्षिकांकासाठी मॅडमनी सांगितलं म्हणून लिहितो. चुकलं तर माफ करावं.

मी सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागात, नाईक होतो. पोस्टिंग डोंगरातल्या एका लहान विमानतळावर. तिथून वरची धावपट्टी नव्वद किलोमीटर. भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलं होतं : तीस मिनिटं. उड्डाणं बहुतेक सकाळीच होत. विमान कधी उडालं, कधी उतरलं, ती वेळ रेडिओवर ऐकून नोंदवायची, हे माझं काम.

मी माझ्या वहीत जायची आणि यायची वेळ वेगळी लिहीत असे. ती घरची सवय. आमच्या पाड्यावरून तलासरीच्या बाजाराला जाताना उतार, एक तास. ओझं घेऊन येताना चढ, दीड तास. कोणी अंतर विचारलं तर आमच्याकडे आधी विचारतात, "जाताना की येताना?"

एके दिवशी दुपारी साडेबाराला वरच्या धावपट्टीवरून संदेश आला. एका जवानाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. त्याला ताबडतोब खाली आणायचं होतं. विमानात नेण्याजोगा ऑक्सिजन सिलिंडर वर एकच होता, पस्तीस मिनिटांचा.

वैमानिक आठच दिवसांपूर्वी आले होते. बोर्ड बघून म्हणाले, "तीस मिनिटं. पुरेल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, जाताना की येताना?"

"म्हणजे? रस्ता बदलतो का?"

सगळे हसले. माझे हवालदार शिर्के, सातारचे, हसले नाहीत. "साहेब, हा पोरगा बोलत नाही, लिहितो. वही बघा याची."

दोन वर्षांत दुपारची उड्डाणं नऊच झाली होती. दुपारी वारा दरीतून वर चढतो. वर जाताना पंचवीस मिनिटं, खाली येताना चाळीसच्या पुढे. नऊही वेळा तसंच.

साहेबांनी वही मिटली. "इथून आणखी एक सिलिंडर नेऊ. वजन?"

"वर न्यायचं बटाट्याचं पोतं उतरवतो," शिर्के म्हणाले. "वरचे शिव्या देतील. देऊ देत."

१३:१० ला विमान उडालं. १३:३५ ला वर पोहोचलं. १३:५५ ला जवानाला घेऊन परत निघालं. मी घड्याळाकडे बघत बसलो. १४:३१ ला रेडिओवर आवाज आला, "पहिला सिलिंडर संपला. दुसरा लावला. पेशंट ठीक. ओव्हर."

१४:३७ ला चाकं टेकली. बेचाळीस मिनिटं. शिर्क्यांनी पाठीवर अशी थाप मारली की हेडफोन खाली पडला. "शाब्बास, तलासरी!"

जवानाला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. पुढचं आम्हाला कळलं नाही. शिर्क्यांनी माझ्या वहीवरून दुपारसाठी नवा तक्ता केला, सही करून वरिष्ठांकडे पाठवला. म्हणाले, "मंजूर झाला की सांगतो." त्याच हिवाळ्यात ते तुटलेली टेलिफोन लाइन जोडायला गेले आणि हिमकडा कोसळून त्यातच वारले. मग माझी बदली झाली.

गेल्या महिन्यात कॉलेजातून निघताना फोन आला. अनोळखी आवाज.

"सर, मैं वही, दूसरे सिलिंडरवाला."

माझा नंबर त्याने जुन्या युनिटमधून मिळवला होता. तो आता हवालदार आहे. त्याच विमानतळावर पोस्टिंग आहे. बोर्डावर आता दुपारचे दोन रकाने आहेत, जाताना पंचवीस, येताना बेचाळीस. खाली सही आहे. ती त्याने मला वाचून दाखवली : हवालदार शिर्के.