रॅम्पच्या टोकाचा उंबरा

वाळूजच्या एका कारखान्यात मी स्टोअरचं कॉम्प्युटरवरचं काम बघायची. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले, त्यामुळं व्हीलचेअर. ऑफिसला तीन पायऱ्या. रोज सकाळी लोडिंगचे दोघं मला खुर्चीसकट उचलून आत ठेवायचे. भले लोक होते, पण गव्हाचं पोतं ठेवावं तशी मी ठेवली जायची. बाथरूम बाहेर, म्हणजे पुन्हा त्यांनाच हाक मारा! म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नसे. लई राग यायचा स्वतःचा.

मग नियम आला, पायऱ्या असतील तिथं रॅम्प पाहिजेच. तपासणी आठ दिवसांवर, म्हणून घाईघाईनं बांधला. उतार छान, कठडा छान. आणि वर नव्या दारात मिस्त्रीनं चांगला चार बोटं उंच दगडी उंबरा बसवलेला! त्यावर हळदीकुंकू, चौकटीला झेंडूचं तोरण.

"मिस्त्रीमामा, हे काय केलं?"

"कुणी सांगितलं नव्हतं ताई, मीच बसवला," मामा खुशीत होते. "पदरचा दगड हाय. दाराला उंबरा नाय म्हंजे कसं दिसतं?"

खुर्चीची पुढची चाकं उंबऱ्याला धडकली. पुन्हा तेच दोघं धावत आले.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "पूजा झालीय, आता त्याला कोण हात लावणार? तपासणीच्या दिवशी तुम्ही आधीच आत जाऊन बसा."

"नाय साहेब. मी दारातच थांबणार."

आणि थांबले. तपासणीच्या साहेबांनी रॅम्पचा फोटो काढला, कागदावर खूण केली. मी उंबरा दाखवला. "नियमात रॅम्प लिहिलाय मॅडम, उंबऱ्याचं काही नाही," म्हणाले आणि मला वळसा घालून आत चहाला गेले.

डोकंच फिरलं माझं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गवंड्याचा छन्नी-हातोडा घेऊन गेले. खुर्चीतून खाली सरकले, रॅम्पवर बसले आणि घातला घाव. "अगं बाई, उंबरा फोडतीय ही!" माणसं गोळा झाली. कुणी अपशकुन म्हणालं, कुणी म्हणालं, नोकरी जाईल. मी अजून कायम झाले नव्हते. पण म्हटलं, गेली तर गेली!

तेवढ्यात मिस्त्रीमामा आले. मला वाटलं, आता ओरडतात. त्यांनी वाकून माझी सोललेली बोटं बघितली.

"असं नाय ताई," हळूच म्हणाले, "छन्नी जरा तिरपी धरा."

हातोडा मात्र मी त्यांना दिला नाही. उंबरा सपाट झाला तशी कठड्याला धरून पुन्हा खुर्चीत चढले आणि आत गेले.

तासाभरात मेमो आला. कंपनीच्या मालमत्तेची नासधूस, लेखी खुलासा करा. खुलासा मी माझ्या टेबलाशी बसून लिहिला, "होय, उंबरा मीच फोडला. आज मला कुणी उचललं नाही." खाली ठसठशीत सही केली आणि तो द्यायला मॅनेजरसाहेबांच्या केबिनपर्यंत माझी मी गेले.