ज्ञानूचं जेवण झालंय

ज्ञानू सत्तेचाळीस वर्षांचा होता. पण वय विचारलं की तो बोटं पुढे करायचा, आणि बोटं दहाच्या पुढे जात नसत. जन्मापासूनच समज कमी. मुरगूडच्या लोकांनी त्याला येडा ठरवून विषय मिटवला होता. खरं तर त्याला शिकायला वेळ लागायचा एवढंच. एकदा शिकलेलं तो जन्मात विसरत नसे. असे शहाणे मुरगुडात किती होते ते न बोललेलंच बरं.

लहानपणी तो कुणाच्याही पंगतीत जाऊन बसायचा. एका बारशाला कुणी बाई बोलली, "ह्याला डोस्कं न्हाय, नुसतं पोट हाय." त्याची आई धोंडुबाई त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. मारलं नाही. दोन महिने खपून तिने त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली. लोकाच्या घरी कुणी जेवणाचं विचारलं की म्हणायचं, "झालं माझं." मग पोटात कावळे का ओरडेनात! तिने स्वतः "घे, आपलंच हाय" म्हटलं तरच हात पुढे करायचा. नृसिंहवाडीला प्रसादाचं ताट समोर आलं तरी हा आईच्या तोंडाकडे बघत बसला होता. "घे बाबा, देवाचं म्हंजे आपलंच," असं तिला तिथेही म्हणावं लागलं.

धोंडुबाई दोन वर्षांपूर्वी गेली. थोरली बहीण आक्काताई त्याला कबनूरला आपल्या सासरी घेऊन आली. उंबऱ्यात तो थबकला तेव्हा ती म्हणाली, "ये ज्ञानू, हे बी आपलंच घर." तो आत आला. मुरगूडचं दार त्याला पुन्हा दिसलं नाही. आक्का यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची आणि हा दारात बसून दिवसभर मागांचा खडखडाट ऐकायचा.

यंदाच्या थंडीत त्याची छाती कफाने भरली, ताप उतरेना. आक्काने त्याला कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. पुरुषांच्या वॉर्डात बाईमाणसाला मुक्काम करता येत नव्हता. भेटायची वेळ चार ते सहा. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. "मी परवा येतो," म्हणून आक्का गेली. परवा म्हणजे किती, हे बोटांवर दाखवायचं मात्र ती विसरली.

दुपारी बाळाबाई जेवणाची गाडी ढकलत आली. बाई मनाने वाईट नव्हती, पण खाटा साठ आणि हात दोन. "पावणं, जेवलासा?" तिने विचारलं. ज्ञानूने आमटीचा वास छातीभर ओढून घेतला आणि म्हणाला, "झालं माझं." कुणी डबा आणला असेल असं समजून ती पुढे गेली. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चक्कर येऊन खाटेखाली पडला, तेव्हा कुठे सगळे जागे झाले. मग ताट त्याच्या मांडीवरच ठेवलं. त्याने ते हळूच बाजूला सारलं. "झालं माझं."

नर्सने कागदावर लिहिलं, जेवण नाकारतो. डॉक्टर तो कागद वाचून कागदालाच म्हणाले, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू." शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नाकात तशी नळी होती. ज्ञानूने दोन्ही हातांनी नाक झाकून घेतलं. भूक लागली का, असं त्याला एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो "व्हय" म्हणाला असता. त्या प्रश्नाला खोटं बोलायला आईने शिकवलंच नव्हतं. त्याला आईची फार आठवण येत होती.

संध्याकाळी आक्का आली. बाळाबाई गाडी घेऊन फिरतच होती.

"तुमचा भाऊ ताटाला हात लावंना बघा. मी रोज इचारतोय, जेवलासा का. म्हंतोय झालं माझं! उद्या नाकात नळी घालनार म्हंत्यात डाक्टर."

आक्काने कपाळाला हात लावला. "आई गेली, पर तिची शिकवण गेली न्हाय," म्हणत ती खाटेवर बसली आणि ताट त्याच्यापुढे धरलं. "घे ज्ञानू. आपलंच हाय."

ज्ञानूने वॉर्डवर नजर फिरवली. "हे घर बी आपलं?"

"व्हय की. आपलंच. घे आता."

तो जेवला. आमटी-भात, चपात्या, पुन्हा भात. बाळाबाईने तिसऱ्यांदा वाढलं आणि पदराने डोळे टिपले. नळीचं संकट टळलं म्हणून आक्का हसली.

ज्ञानू हसला नाही. कबनूरच्या उंबऱ्यात आक्का असंच म्हणाली होती, आणि मुरगूड संपलं होतं. आता कबनूरही संपलं, हे त्याला कळलं. आक्का इथेच राहणार असेल तर चालणार होतं.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. आक्का उठली. ज्ञानूने उरलेली चपाती तिच्यापुढे केली. "आक्का, जेवलीस?"

सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पण आजाऱ्याच्या ताटातलं कसं खायचं! "झालं माझं," ती म्हणाली.

ज्ञानूचा हात तसाच राहिला. असं कुठे म्हणतात, ते त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? म्हणजे हे घर आक्काचं नव्हतं. त्याच्या एकट्याचंच होतं.

तो भिंतीला धरून तिला दारापर्यंत पोचवायला गेला. आईने पाहुण्यांना निरोप द्यायलाही शिकवलं होतं. जन्मभर जिला अगंतुगं केलं त्या बहिणीला तो म्हणाला, "येत जावा अधनंमधनं."